बैल मरो, पण रीतसर मरो

भाऊ, तुमचा बैल आजारी पडणार असेल तर आधी कॅलेंडर पाहून घ्या. रविवार, सण, आमसभा आणि साहेबांच्या मीटिंगा वगळून जो दिवस उरेल, त्या दिवशी सकाळी दवाखाना उघडल्यावरच त्याचं पोट फुगलं पाहिजे. ऐन डवरणीत रात्री दोन वाजता टम्म फुगणारा बैल हा बेजबाबदार बैल. त्याच्यासाठी १९६२ हा फोन नंबर लावून पाहा, ढोरांच्या डॉक्टरचं फिरतं पथक आहेच. फिरतं म्हटल्यावर ते तुमच्याच गावात कशाला असेल?

मग येतो तो मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकवलेला माणूस. आपल्याकडे त्याला 'ढोरायचा डॉक्टर' म्हणतात आणि कोणी जास्त विचारत नाही. तुम्ही मात्र विचारा. उपचार चुकला म्हणून डॉक्टरांची नोंदवही ठेवणाऱ्या नागपूरच्या राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तक्रार टिकवायची असेल तर सुरुवात इथूनच होते. बैल पाय झाडतोय, बायको कंदील धरून उभी आहे, अशा वेळी नम्रपणे म्हणा, "साहेब, तुमचा नोंदणी क्रमांक काय जी?"

"बैल धरता का नंबर लिहिता?"

म्हणजे क्रमांक नाही. हरकत नाही. १९८४ च्या कायद्याने पशुवैद्यकी करायचा हक्क नोंदणी झालेल्या पदवीधरालाच आहे. पदविकावाल्या पर्यवेक्षकाला किरकोळ उपचार करता येतात, तेही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. पिशवीवाला या दोन्हींत नसेल तर परिषद त्याचं काय करणार? तिच्या हातातली मोठी शिक्षा म्हणजे नोंदवहीतून नाव काढणं. जे नाव वहीत चढलंच नाही ते काढायचं कुठून? त्याच्यासाठी पोलीस ठाणं आहे. तिथला जमादार पहिला प्रश्न विचारेल, "मग बोलावलं कायले?" त्याचं उत्तर आधीच पाठ करून ठेवा.

समजा, बैल दगावला. रडारड मागाहून करा, आधी शवविच्छेदन. तेही लवकर, कारण उन्हात ढोर थांबत नाही आणि शेजारी त्याच्याही आधी नाक दाबून येतात. शवविच्छेदन करणार कोण? जवळचा सरकारी पशुवैद्यक. तक्रार कोणावर? बहुतेक वेळा त्याच्यावरच. त्याच्याकडूनच बैल कशाने मेला ते लिहून घ्या, सही-शिक्क्यानिशी. अक्षर लागलं नाही तर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

आता अर्ज. चिठ्ठी, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, साक्षीदार. बिल्ला बैलासोबत बांधावर पुरला असेल तर उकरा. अर्ज गेला की डॉक्टरला खुलासा मागतात, खुलासा आला की तुम्हाला बोलावणं. सुनावणीला शक्यतो कापूस वेचणीत जा, गावातलं कोणी तुम्हाला रिकामटेकडा म्हणणार नाही. परिषदेत पशुवैद्यकांनी आपल्यातून निवडलेले चार सदस्य असतात आणि पशुसंवर्धन खात्याचे प्रमुखही पदसिद्ध सदस्य असतात. म्हणजे तुमच्या सरकारी डॉक्टरचे साहेब. घरचीच माणसं, मोकळेपणाने बोला. गोठेवाल्यासाठी कायद्याने वेगळी खुर्ची ठेवलेली नाही, पण सतरंजीची आपल्याला सवय आहे.

आणि निकाल तुमच्या बाजूने लागलाच तर डॉक्टरला ताकीद मिळेल, फार झालं तर नाव जाईल. बैल मिळणार नाही. जोडीची किंमत लाखाच्या घरात गेली असली तरी नुकसानभरपाई हे परिषदेचं कामच नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. तिथे आधी तुम्ही ग्राहक आहात हे सिद्ध करायचं, कारण सगळ्यांनाच फुकट मिळणाऱ्या उपचाराला कायदा 'सेवा' मानत नाही. सरकारी दवाखान्यातली दहा-वीस रुपयांची पावती जपून ठेवा, वकिलांना वाद घालायला कामी येते.

राहिली दवाखान्यातली ती रिकामी खुर्ची. साहेबांची बदली झाली, नवे आले नाहीत, शेजारच्या तालुक्यातल्या साहेबांकडे 'अतिरिक्त कार्यभार' आहे. त्यांच्या वाट्याला इतकी गावं आली आहेत की कुठला बैल कोणाचा हे त्यांना स्वप्नातही आठवत नसेल. खरा बैल मारला तो या खुर्चीने. पण तिच्यावर तक्रार घेता येत नाही. खुर्चीची नोंदणी नसते.

म्हणून शेवटचा सल्ला, आणि तो अनुभवाचा आहे. कधीतरी एखादा वेडा डॉक्टर अर्ध्या रात्री, चिखलातून, पंचवीस किलोमीटरवरून खरंच येईल. नळी घालून पोटातला वायू काढेल, पहाटेपर्यंत गोठ्यात बसेल, चिठ्ठीवर तारीख, वेळ, औषधाची मात्रा आणि स्वतःचा नोंदणी क्रमांक स्वच्छ अक्षरात लिहील. एवढं करूनही बैल गेलाच, तर त्याला सोडू नका. तक्रारीला लागणारे सगळे कागद असलेला तालुक्यातला तो एकटाच माणूस आहे.