'ने' लावलं की झालं? लिथुआनियन नकाराबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

मराठी ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: "लिथुआनियन ही संस्कृतची सख्खी बहीण. ज्याला संस्कृत येतं त्याला ती पंधरा दिवसांत येते. नकाराचंच बघा. आपला 'न' तिथे 'ने' होतो. तो क्रियापदाला आधी चिकटवा, वाक्य नकारी झालं. बाकी एका अक्षरालाही हात लावावा लागत नाही. 'न्येरा' म्हणजे आपलं 'नास्ति'. दोन नकार आले की होकार होतो, तेही आपल्यासारखंच. नकारात कुणी नामाची रूपं बदलत असेल तर ती रशियन राजवटीची खोड, मूळ भाषेत ती नव्हती."

मी लिथुआनियातल्या काउनास शहरात राहते. इथल्या वैद्यकीय विद्यापीठात भारतातून मुलं शिकायला येतात, त्यांत मराठी मुलंही असतात, आणि त्यांच्यातल्या काहींना मी सुरुवातीची लिथुआनियन शिकवते. हा मजकूर वाचून आलेलं मूल पहिल्याच आठवड्यात ओळखू येतं, कारण ते आत्मविश्वासाने चुकतं. त्या मुलांना पुढे वॉर्डात म्हाताऱ्या पेशंटांशी याच भाषेत बोलायचं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे. (उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे लिहिले आहेत.)

आधी बहिणीच्या नात्याबद्दल. नातं खरं आहे आणि मला त्याचं मनापासून अप्रूप आहे. देवाला 'दिएवास', मुलाला 'सूनुस', धुराला 'दूमाइ' म्हणणारी ही भाषा आहे. 'दिएवास दाव्ये दान्तिस, दुओस इर दुओनोस', म्हणजे देवाने दात दिले, तो भाकरीही देईल, ही इथली म्हण ऐकली की संस्कृत शिकलेल्या माणसाचे कान टवकारतातच. पण ही नाती हजारो वर्षांपूर्वी पांगलेल्या चुलत घराण्यांची आहेत. 'ने' आणि 'न' एकाच मुळाचे, हे बरोबर. मात्र संस्कृतात समोरच्याला थेट मनाई करायची तर सहसा 'न' नाही, 'मा' येतो: 'मा भैषीः', भिऊ नकोस. लिथुआनियनमध्ये हेच 'नेबियोक'. यातला 'बियो' म्हणजे आपल्या 'भी' धातूचाच भाऊ. भीती तीच, पण 'मा' कुठेही नाही. लिथुआनियन आज्ञेलाही साधा 'ने'च लावते: 'एइक' म्हणजे जा, 'नेइक' म्हणजे जाऊ नकोस. उलट मनाईसाठी वेगळा शब्द ठेवण्याची सवय मराठीने पाळली आहे: नको, नकोस, नका, नये. तेव्हा या बाबतीत संस्कृतच्या वळणावर कोण गेलं, हे मजकूर लिहिणाऱ्याने घरातच तपासायला हवं होतं.

'न्येरा'चंही तसंच. नास्ति म्हणजे न आणि अस्ति. 'न्येरा' म्हणजे ने आणि 'ईरा', आणि हा 'ईरा' अस्तिच्या घराण्यातला नाही. अस्तिचा खरा भाऊ 'एस्ती' लिथुआनियनमध्ये आहे, पण रोजच्या बोलण्यात 'आहे'साठी 'ईरा'च येतो. जोडण्याची रीत सारखी, जोडलेली वस्तू वेगळी.

आता 'ने क्रियापदाला आधी चिकटवा' हा सल्ला. हा अर्धा खरा आहे. 'दिर्बू', मी काम करते. 'नेदिर्बू', मी काम करत नाही. भूतकाळ असो की भविष्यकाळ, 'ने' त्याच जागी राहतो आणि जोडूनच लिहितात. मराठी माणसाला हे सोपं जातं, कारण आपलं नकाराचं घर याहून कितीतरी गुंतागुंतीचं आहे: जात नाही, गेले नाही, जाणार नाही, जात नसे, जाईना. पण 'ए'ने सुरू होणाऱ्या काही क्रियापदांपुढे 'ने' आकसतो. 'एसू' (मी आहे) याचं 'नेएसू' होत नाही, 'नेसू' होतं. 'एयाउ' (मी गेले) याचं 'न्येयाउ'.

खरी गडबड स्वतःवर वळणाऱ्या क्रियापदांत होते. 'मोकाउ' म्हणजे मी शिकवते. शेवटी 'सी' लावला की 'मोकाउसी', मी शिकते. आपल्या शिकणे आणि शिकवणे यांच्यासारखीच ही जोडी, पण उलट्या बाजूने बांधलेली: मराठीत शिकवण्याला 'व' जोडावा लागतो, इथे शिकण्याला 'सी'. आता 'मी शिकत नाही' म्हणायचं. मजकुराच्या सल्ल्याने 'नेमोकाउसी' होईल, आणि तो शब्द या भाषेत नाही. बरोबर रूप आहे 'नेसिमोकाउ'. 'ने' पुढे येऊन बसला की 'सी' शेपटीवरची जागा सोडतो आणि 'ने' व धातू यांच्या मध्ये शिरतो. क्रियापदाला आधीच दुसरा उपसर्ग असेल तर 'सी' त्याच्याजवळ बसलेला असतो, तिथून तो हलत नाही: 'नुसिपिर्काउ', मी (स्वतःसाठी) विकत घेतलं, 'नेनुसिपिर्काउ', घेतलं नाही. शेजारच्या लाटवियनमध्ये ही हालचाल नाही, तिथे आत्मवाचक प्रत्यय शेवटीच राहतो.

'बाकी एका अक्षरालाही हात लावावा लागत नाही.' सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं, म्हणून इथे जरा थांबते.

'गेर्यू पिएना', मी दूध पिते. 'पिएना' इथे द्वितीयेत आहे. नकार करा: 'नेगेर्यू पिएनो'. दूध द्वितीयेतून षष्ठीत गेलं. 'राशाउ लाइश्का', मी पत्र लिहिते. 'नेराशाउ लाइश्को', मी पत्र लिहीत नाही. शब्दशः पाहिलं तर 'पत्राचं लिहीत नाही'. हा शैलीचा प्रश्न नाही, ऐच्छिकही नाही. नकारी क्रियापदाचं कर्म द्वितीयेत ठेवलं तर इथल्या प्रमाणभाषेत ती चूकच ठरते, आणि शाळकरी पोरही ती हटकून सुधारतं.

नकार मुख्य क्रियापदावर आणि कर्म त्याच्या आतल्या क्रियापदाचं असलं तरी हाच नियम पोहोचतो. 'नोर्यू राशीती लाइश्का', मला पत्र लिहायचं आहे. 'नेनोर्यू राशीती लाइश्को', मला पत्र लिहायचं नाही. 'ने' लागला 'हवं असण्या'ला, आणि बदललं दोन शब्द पलीकडचं पत्र. दुखण्याच्या वाक्यातही तेच, कारण इथे 'मला डोक्याला दुखतं' अशा धाटणीची रचना आहे आणि डोकं द्वितीयेत असतं: 'मान स्काउदा गाल्वा', माझं डोकं दुखतंय, 'मान नेस्काउदा गाल्वोस', दुखत नाही.

मुलांना हे पचवायला मी मराठीचाच आधार देते. 'घरात दाण्याचा कण नाही', 'विहिरीत पाण्याचा टिपूस नाही', 'पैशाचा पत्ता नाही'. नकार ठासून सांगायचा असला की आपल्याही तोंडी षष्ठी येते. या दोन गोष्टींचं ऐतिहासिक नातं आहे असं मी म्हणत नाही. पण दाण्याचा कण नाही म्हणताना मनाची जी धाटणी असते, ती लिथुआनियन माणसाची साध्यातल्या साध्या नकारात असते, एवढं सांगितलं की मुलांना ते लवकर उमगतं. आणि संस्कृतप्रेमींसाठी इथे एक खरी गंमत आहे. 'दिएवो' (देवाचा) हे षष्ठीचं रूप संस्कृतच्या 'देवस्य'च्या रांगेतलं नाही. ते पंचमीच्या, 'देवात्'च्या रांगेतलं आहे. जुन्या पंचमीने इथे षष्ठीचं काम उचललं. 'पिएनो'मधला 'ओ' त्याच घरचा. फिरत्या मजकुरात यायला हवी होती ती ही माहिती.

बदलतं ते मात्र फक्त द्वितीयेतलं कर्म. चतुर्थी आणि तृतीया जागच्या जागी राहतात. 'पादेदू द्राउगुइ', मित्राला मदत करते, 'नेपादेदू द्राउगुइ'. 'नेवाझ्युओयू आउतोबुसू', बसने जात नाही, बस तृतीयेतच. नियम पाठ झाल्याच्या आनंदात मुलं यांनाही षष्ठीत ढकलतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि 'नसणं'. दवाखान्याच्या दारावरून आत विचारलंत आणि उत्तर आलं 'गीदीतोयो न्येरा', तर त्याचा अर्थ डॉक्टर आत नाहीत. इथे डॉक्टर षष्ठीत गेला. पण 'यिस न्येरा गीदीतोयास' म्हणजे तो डॉक्टर नव्हे, आणि इथे डॉक्टर प्रथमेतच राहिला. पहिल्यात डॉक्टरचं असणं नाकारलं, दुसऱ्यात त्याची ओळख. आपली आजी हा फरक 'नाही' आणि 'नव्हे' अशा दोन शब्दांनी नेमका करायची. आपण 'नव्हे' हळूहळू सोडून देतो आहोत; लिथुआनियनने तोच फरक विभक्तीत सांभाळला आहे. 'बाकी काही बदलत नाही' म्हणणारा मजकूर या दोन वाक्यांना एकच करून टाकतो.

रशियन राजवटीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. लिथुआनिया रशियन साम्राज्यात गेला तो १७९५ मध्ये. लिथुआनियन भाषेतलं पहिलं छापील पुस्तक, मार्टिनास माझ्वीदासची ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी, १५४७ मध्ये प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला निघालं, आणि नकारातली षष्ठी सोळाव्या शतकातल्या लिखाणात ठायी ठायी आहे. शिवाय रशियनमध्ये हा नियम आज सैल आहे, बऱ्याच वाक्यांत द्वितीयाही चालते. लिथुआनियनमध्ये तो घट्ट आहे. ज्याच्याकडे वस्तू अर्धवट आहे त्याच्याकडून ती पूर्ण उसनी कशी घेणार? पोलिशमध्येही ही षष्ठी सक्तीची आहे. बाल्टिक (लिथुआनियन, लाटवियन) आणि स्लाव्ह (रशियन, पोलिश) भाषांचा हा सामाईक जुना वारसा आहे. रशियन राजवटीने १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली, लोकांनी प्रशियात छापलेली पुस्तकं पाठीवर वाहून चोरट्या वाटेने आणली. त्या लोकांनी जिवापाड जपलेल्या व्याकरणाला 'रशियन खोड' म्हणणं मला फार लागतं.

राहिला दोन नकारांचा होकार. 'निएकास निएको नेझिनो.' निएकास म्हणजे कुणी नाही, निएको म्हणजे काही नाही, नेझिनो म्हणजे जाणत नाही. तीन नकार, आणि अर्थ एवढाच: कुणालाच काही माहीत नाही. 'निएकादा निएकाम निएको नेसाक्याउ', मी कधीच कुणाला काहीच सांगितलं नाही. चार नकार, तरी वाक्य नकारीच. मराठीत कधीच, कुणाला, काहीच हे शब्द स्वतः नकारी नाहीत, शेवटचा एकटा 'नाही' सगळा भार उचलतो. लिथुआनियनमध्ये प्रत्येक शब्दाने नकाराचा रंग घ्यावा लागतो आणि क्रियापदावरचा 'ने' तरीही सोडता येत नाही. 'निएको झिनाउ' असं म्हणून मुलं थांबतात, ते वाक्य लंगडं आहे. पेशंटने 'नेवार्तोयू योक्यू वाइस्तू' म्हटलं तर तो कुठलंही औषध घेत नाही. 'ने' आणि 'योक्यू' (कुठलंही नाही) एकमेकांना खोडतात असं समजून 'घेतो' लिहिलंत तर काय होईल ते सांगायला नको.

होकार होतो तो दोन वेगवेगळ्या क्रियापदांना वेगवेगळा 'ने' लागल्यावर: 'नेगालिमा नेपास्तेब्येती', लक्षात न येणं शक्यच नाही. तेवढ्यापुरता मजकूर बरोबर.

मजकुरात ज्यांचा उल्लेखच नाही अशा दोन गोष्टी. 'ने' क्रियापदाला सोडून दुसऱ्या शब्दाआधी सुटा उभा राहतो तेव्हा तो फक्त त्या शब्दाला नाकारतो. 'ने विसी झिनो' म्हणजे सगळेच जाणतात असं नाही. 'विसी नेझिनो' म्हणजे सगळे अजाण. मराठीतलं 'सगळ्यांना माहीत नाही' हे वाक्य दोन्ही अर्थांनी घेता येतं आणि आपण प्रसंगावरून समजून घेतो. इथे 'ने'ची जागाच ते ठरवून टाकते.

दुसरी गोष्ट मला या भाषेत सगळ्यात आवडते: 'नेबे'. 'नेदिर्बू', काम करत नाही. 'नेबेदिर्बू', आता करत नाही, पूर्वी करत होते. उलट 'तेबेदिर्बू', अजूनही करते आहे. आपल्याला 'आता', 'पूर्वी', 'अजून' असे शब्द शोधावे लागतात, तेवढं सगळं एक-दोन अक्षरांत येतं. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात होती. आजोबांना तिने पोटाबद्दल विचारलं, त्यांनी 'नेबेस्काउदा' म्हटलं आणि तिने वहीत 'दुखत नाही' एवढंच लिहिलं. संध्याकाळी तिने मला ते दाखवलं. मी तिला विचारलं, कधीपर्यंत दुखत होतं? ती तशीच उठली आणि सकाळी आजोबांना विचारायचा प्रश्न वहीत लिहून काढला.