सागाच्या टेबलाला मार्चमध्ये पूर्ण मार्क देऊ नका

डिझाइन कॉलेजांतली फर्निचरची सबमिशनं बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकतात. तेव्हा हवा मध्यम असते, सांधे घट्ट असतात, पॉलिश ताजं असतं. सर बघतात, मार्क देतात, विषय संपतो. तेच टेबल मेच्या शेवटी जळगाव-भुसावळच्या ४४-४५ डिग्रीत बघा आणि परत ऑगस्टच्या झडीत बघा. खरी परीक्षा तिथे होते, आणि तेव्हा वर्कशॉपमध्ये ना विद्यार्थी असतो ना मास्तर.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सागाची साधी, ओंडका सरळ चिरून काढलेली (फ्लॅट-सॉन) फळी ओलाव्याच्या दर एक टक्क्याला रुंदीच्या साधारण ०.१९ टक्के वाढते किंवा आकसते. मे आणि ऑगस्ट यांच्यात ओलाव्याचा पाच टक्के फरक धरला, तर ६०० मिलिमीटर रुंद टॉप साडेपाच मिलिमीटर हलणार. हा टॉप खालच्या चौकटीला चारही बाजूंनी फेविकॉल आणि स्क्रूने जखडला, तर लाकडाला जायला जागाच नाही. मग ते उन्हाळ्यात मधोमध तडकतं नाहीतर पावसाळ्यात चौकटीचे कोपरे उघडतं. यात सुताराचा हात कच्चा नसतो, ड्रॉइंग कच्चं असतं.

उपाय जुना आहे आणि स्वस्तही. टॉप मधल्या रेषेवर पक्का करा, बाकी स्क्रूंना लांबट भोकं द्या. ५ मिलिमीटरच्या स्क्रूला १२ मिलिमीटर लांब भोक पुरतं, पण ते लाकडाच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, आडव्या दिशेने लांब हवं. उलट्या दिशेने पाडलं तर भोक पाडून न पाडल्यासारखंच. पॅनेलच्या दारात पॅनेलला गोंद अजिबात नको, ते खाचेत मोकळं राहू द्या. खाचेच्या तळाशी किती जागा सोडायची हे महिन्यावर ठरतं. मेमध्ये बसवत असाल तर फुगायला जागा ठेवा. ऑगस्टमध्ये बसवत असाल तर पॅनेल खोल घाला, कारण पुढे ते आकसणार आहे. आणि पॉलिश बसवण्याआधी मारा. नाहीतर उन्हाळ्यात कडेला कोऱ्या लाकडाची पांढरट पट्टी उघडी पडते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती पुण्या-मुंबईच्या नोट्समध्ये सापडणार नाही : कूलर. मेमध्ये सगळं घर कोरडं ठणठणीत, आणि एकाच टेबलावर दिवसभर ओला झोत. टॉपची वरची बाजू फुगते, खालची कोरडीच राहते, फळी कमान धरते. त्यात खालच्या बाजूला पॉलिश मारलेलं नसतं, कारण ‘दिसत नाही’. वर तीन हात असतील तर खाली निदान दोन हवेतच.

प्लायवर शिकलेल्या मुलांना यातलं काही कळत नाही, यात त्यांचा दोष नाही. प्लायचे थर आडवे-उभे असल्याने तो फारसा हलतच नाही. मग मुलं सागाच्या फळीलाही प्लायसारखंच वागवतात.

भरीव लाकडाच्या फर्निचरसाठी नावाजलेले अमेरिकन कारागीर जॉर्ज नाकाशिमा १९६४ साली अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) आले होते. भेगेवर फुलपाखराच्या आकाराची लाकडी चावी बसवणं ही त्यांची ओळख. ती चावी आता नक्षी म्हणून कुठेही चिकटवली जाते. तिचं काम भेग पुढे जाऊ न देण्याचं आहे. चावीच्या रेषा भेगेला आडव्या हव्यात, भेगेच्या दिशेने गेल्या तर ती कमरेत तुटते. खोली फळीच्या जाडीच्या निदान तिसऱ्या हिश्श्याएवढी हवी.

म्हणून माझं म्हणणं असं : भरीव लाकडाचं काम शेवटच्या वर्षावर ढकलू नका, पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी घ्या. म्हणजे ती वस्तू वर्षभर कॉलेजात राहते आणि मुलंही राहतात. शंभरातले साठ मार्क मार्चमध्ये द्या, चाळीस राखून ठेवा. टॉपच्या खालच्या बाजूला, रेषांना आडव्या दिशेने, बरोबर ५०० मिलिमीटर अंतरावर चाकूने दोन खुणा करायला लावा. फेब्रुवारी, १५ मे आणि ऑगस्टअखेर स्टीलच्या पट्टीने तेच अंतर मोजा, तारीख घालून तिथेच पेन्सिलीने लिहा. ड्रॉवर त्या तिन्ही दिवशी उघडून बघा. राखलेले चाळीस मार्क ऑगस्टच्या त्या मोजणीनंतर, टेबल उलटं करून, खालचे स्क्रू बघून द्या.