शेजारच्या गावात मुलं शिकवण्याची कला

न्यू जर्सीत घर बघताय? अभिनंदन. गाव छोटंसं, चर्चचा पांढरा कळस, ऑक्टोबरात भोपळ्यांचं शेत, आणि प्रॉपर्टी टॅक्स पलीकडच्या गावापेक्षा जरा कमी? मग तर पेढेच वाटा. रिअल्टर बाई तुम्हाला ग्रॅनाइटचा ओटा दाखवतील, फिनिश्ड बेसमेंट दाखवतील, आठवीपर्यंतची शाळा चालत पाच मिनिटांवर आहे म्हणतील. नववी ते बारावीच्या हायस्कूलचं विचारू नका. आम्ही नाही विचारलं. विचारलं असतं तर फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी माझी मुलगी हायस्कूलच्या बंद दाराबाहेर पाऊण तास कुडकुडली नसती आणि मला हे सल्ले देण्याचा अधिकार आला नसता.

सल्ला पहिला. या राज्याचा नकाशा समजून घ्यायचा प्रयत्न करू नका. गावं ५६४ आणि शाळांचे डिस्ट्रिक्ट, म्हणजे जिल्हे नव्हेत, शाळा चालवणारे कारभार, सहाशेच्या घरात. पेशवाई बुडाल्यावर आपल्याकडे पटवर्धनांची सांगली, मिरज, जमखिंडी अशी संस्थानं होती, त्यात मिरजेचीही थोरली पाती वेगळी आणि धाकटी वेगळी, तसंच हे. प्रत्येक संस्थानाला स्वतःचा सुपरिंटेंडंट, शाळांचा कारभार बघणारं स्वतःचं बोर्ड, स्वतःचा लोगो. ज्या संस्थानाला हायस्कूल झेपत नाही ते आपली मुलं शेजारी धाडतं. क्रॅनबरीची मुलं प्रिन्स्टनला जातात, एंगलवुड क्लिफ्सची एंगलवुडला. आमच्या गावाचं नाव सांगत नाही, अजून तिथेच राहायचंय. सरकारी भाषेत अशा जोडीला ‘पाठवणारं’ आणि ‘घेणारं’ डिस्ट्रिक्ट म्हणतात. आपल्याला ही भाषा नवी नाही. पाठवणारे म्हणजे मुलीकडचे. खर्च आपला, आवाज खाली, आणि मानपानात काही कमी पडलं तर चूकही आपलीच.

दुसरा. पैशाचं मनाला लावून घेऊ नका. सरकारी शाळा फुकट असते, फक्त आपलं गाव त्यांच्या गावाला दर विद्यार्थ्यामागे ‘ट्यूशन’ भरतं. हे मी साताऱ्याला फोनवर सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “सरकारी शाळेत घातलंय आणि वर ट्यूशनही लावलीय? पोर कच्ची आहे का?” नाही हो आई, पोर हुशार आहे, आम्ही कच्चे आहोत. २०२४ मध्ये या राज्यातल्या सरासरी घराचा टॅक्स वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेला. त्यातले निम्म्याहून जास्त शाळांना जातात. आमच्या त्या निम्म्यातला एक घास शेजारी जातो. त्या घासाबद्दल कुणाला विचारायचं, ते पुढे येईल.

तिसरा सल्ला, लोकशाहीबद्दल. घेणाऱ्या गावाच्या बोर्डावर आपला माणूस असेल असं समजून चाला. असेलही. तुमची मुलं तिथल्या पटाच्या १० टक्क्यांहून कमी असतील तर कायद्यानुसार खुर्चीच नाही. जास्त असतील तर एक खुर्ची मिळते, पण मत ठरावीक विषयांवरच देता येतं. बाकीच्या वेळी आमचा माणूस तिथे बसून पाणी पितो. चांगला माणूस आहे, पाणी खूप पितो.

चौथा. बर्फ पडला की दोन डिस्ट्रिक्टचे दोन निरोप येतात. धाकट्याला सुट्टी, थोरलीला शाळा. मजा करा.

पाचवा. मुलांना शाळेनंतर कशातही भाग घेऊ देऊ नका. हा सल्ला सोन्याच्या तारेने ओवून ठेवा. कायदा असा की हायस्कूल अडीच मैलांपेक्षा लांब असेल तर बस द्यावीच लागते. आमचं सहा मैल आहे, त्यामुळे सकाळी नेतात आणि दुपारी आणून सोडतात. पण संध्याकाळची, म्हणजे रोबोटिक्स, नाटक, ऑर्केस्ट्रा, धावणं उरकून येणाऱ्या मुलांची उशिराची बस ही कायद्यात नाही, ती कृपा आहे. कृपा म्हटली की ती काढून घेता येते. तीही कळवून काढावी असा काही नियम नसतो. निदान मला ईमेल आला नाही, तो आला दुसऱ्या दिवशी. मुलगी दहावीत आहे, नाटकाचं सेट-लायटिंग करते. साडेपाचला बाहेर आली, बस नाही. शिपायाने आतून दार लावून घेतलेलं, नियम आहे, त्याची चूक नाही. मी टर्नपाइक हायवेवर अडकलेली, नवरा दौऱ्यावर. तिचा फोन चार टक्क्यांवर. “आई, बस येत नाहीये” एवढं म्हणाली आणि फोन बंद. त्यापुढचा पाऊण तास मी तुम्हाला सांगत बसणार नाही, आयांना तो सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ट्रान्स्पोर्टेशनला फोन केला. बाई गोड होत्या. “ती बस तुमच्या डिस्ट्रिक्टची, तुम्ही तिकडे विचारा.” तिकडे विचारलं. “नाटकाच्या तालमीच्या वेळा त्यांनी बदलल्या, आमच्या कंत्राटात साडेपाच बसत नाही, तुम्ही तिकडे विचारा.” आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. एका माणसाने तर मला नम्रपणे विचारलं, मुलीला दुसरा एखादा, लवकर संपणारा छंद नाही का? आहे ना. विणकाम शिकवते आता तिला. परसदारी बसून विणेल.

सहावा. बोर्डाच्या मीटिंगला जरूर जा, अनुभव म्हणून. मी घेणाऱ्या गावाच्या मीटिंगला गेले. दारात कार्ड भरायचं: नाव, गाव, विषय. गाव लिहिलं तशी टेबलामागच्या बाईंची भुवई इतकी, अगदी इतकीशी वर गेली. तीन मिनिटं मिळतात. दोन मिनिटं चाळीस सेकंदांत मी मुलगी, दार, बस, थंडी सगळं सांगितलं, घड्याळ वाजलं, अध्यक्ष म्हणाले, “थँक यू फॉर युवर कॉमेंट.” उत्तर द्यायची पद्धत नाही. बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही आम्हाला मत देत नाही ना, मग हे तुमच्या बोर्डाला सांगायला हवं. तेवढा खरा माणूस त्या इमारतीत मला दुसरा भेटला नाही. आठवड्याने आमच्या बोर्डाला गेले. तिथे आम्ही मत देतो. म्हणजे देऊ शकतो. खोलीत खुर्च्या पन्नास, माणसं सात, त्यातला एक छताच्या गळतीचं प्रेझेंटेशन करणारा.

आता कितवा सल्ला? जाऊ दे.

नातं तोडायचं बघा. हा आमच्या गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपचा लाडका सल्ला आहे. काडीमोड घ्या, मुलं दुसऱ्या, ‘चांगल्या’ हायस्कूलला पाठवू, रेटिंग नऊवालं. सोपं आहे. एक अभ्यास-अहवाल करून घ्यायचा, मग राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे अर्ज. एंगलवुड क्लिफ्सने १९८५ मध्ये असाच अर्ज केला होता. गाव श्रीमंत, लहान, गोऱ्यांचं. शेजारच्या एंगलवुडच्या हायस्कूलमधली मुलं बहुतेक काळी आणि लॅटिनो. आयुक्त नाही म्हणाले, अपील कोर्ट नाही म्हणालं आणि १९९३ मध्ये राज्याचं सर्वोच्च न्यायालयही नाहीच म्हणालं. कारण तुम्ही निघून गेलात की त्या शाळेतला वंशांचा समतोल आणखी बिघडतो. आठ वर्षं. त्यात आपली दहावीची पोर नोकरीला लागते. पण आमच्या ग्रुपला हे कुठे माहीत! तिथे ‘डेमोग्राफिक्स’ हा शब्द येतो, त्याच्यापुढे एक डोळा मारणारं चित्र येतं आणि सगळ्यांना सगळं कळतं. सात-आठ हजार मैल ओलांडून आलो आणि ‘त्या वस्तीतली मुलं’ हे बरोबर आणलं, लोणच्याच्या बरणीसारखं, गच्च झाकण लावून.

बसबद्दल पत्र मी लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं. चार सह्या. त्यातली एक माझी, एक नवऱ्याची. काडीमोडाच्या अर्जावर एका रात्रीत सव्वाशे. गणपतीला नाटुकलं बसवताना याच मंडळींना पोरांच्या कलागुणांचा केवढा उमाळा येतो! एका काकांनी मला फोन करून विचारलं, मग तुम्ही इथे घर घेतलंत कशाला, टॅक्स कमी म्हणूनच ना? हो काका, म्हणूनच. तुम्हीही म्हणूनच. आपण सगळ्यांनी हायस्कूल शेजाऱ्यांवर ढकललं, त्यातून वाचलेल्या पैशात घरामागे डेक बांधला, आणि त्या डेकवर बसून शेजाऱ्यांच्या पोरांना नावं ठेवतोय. लाज वाटू द्या जरा. मतदानाला जात नाही, नागरिकत्व मिळून दहा वर्षं झाली तरी स्कूल बोर्डाच्या उमेदवारांची नावं सांगता येत नाहीत, आणि शाळेच्या बजेटमधली टॅक्सवाढ २ टक्क्यांच्या मर्यादेत असली की नोव्हेंबरात त्या बजेटवर मतदानच होत नाही, हेही ठाऊक नाही. मला नव्हतं. ते मला सांगितलं त्या संध्याकाळी माझ्या मुलीला घरी आणून सोडणाऱ्या बाईंनी.

त्या ‘डेमोग्राफिक्स’मधल्या आहेत. मुलगा त्याच नाटकात पडदे ओढतो. हॉस्पिटलात रात्रपाळी करतात, सातला हजर व्हायचं होतं, तरी सहा मैल उलट दिशेला येऊन तिला दारात सोडून गेल्या. मी पोचले तेव्हा त्या गाडी वळवत होत्या. काच खाली करून म्हणाल्या, तुमची आता बंद झाली का? आमच्याकडची सप्टेंबरातच बंद झालीय, आम्ही तेव्हापासून दर मीटिंगला बोलतोय, तुमच्याकडचं कुणी दिसलंच नाही.

पुढची मीटिंग मंगळवारी सातला, हायस्कूलच्या लायब्ररीत. पार्किंग मागच्या बाजूला. कार्डावर गाव लिहायचं, न घाबरता. माझ्या गाडीत चार जागा आहेत, त्यातली एक त्या बाईंना दिलीय.