भरला सायलेन्सर

सोसायटीच्या फळ्यावर माझं नाव नव्हतं, वर्णन होतं. चेअरमनसाहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की, ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तरी 'काही सभासदांनी' आपल्या दुचाकींकडे लक्ष द्यावं. आमच्याकडे दुचाक्या चाळीसेक असतील, पण अनेकवचनाला पुरून उरेल एवढा आवाज करणारी एकच. माझी.

२०१२ सालची साडेतीनशे सीसीची बुलेट. चार वर्षांपूर्वी हौसेने तिला बाजारातला सरळ नळीचा सायलेन्सर बसवला. (तसले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, हे मी बातम्यांत नंतर पाहिलं.) तेव्हा ती घरातल्या थोरल्या काकांसारखी बोलायची, मोजकं आणि भारदस्त. हल्ली नळावर आल्यासारखी भांडायला लागली होती. फिटरने मागे हात धरून पाहिला आणि निदान केलं, "पुंगळी रिकामी झालीय साहेब. आतलं ग्लासवूल उडालं."

या सायलेन्सरच्या पोटात भोकाभोकांचा पाइप असतो आणि त्याभोवती काचतंतूंचा कापूस. इंजिनाचा दणका भोकांतून कापसात शिरतो, तंतूंशी घासून घासून दमतो आणि त्याची उष्णता होते. कापूस जळून, तेलकट होऊन धुराबरोबर उडून गेला की दणक्याला दमवणारं कोणी राहत नाही. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांना एक या हिशेबाने सेकंदाला आठ दणके. सकाळी सव्वासहाला, चेअरमनच्या बेडरूमखाली.

फिटरची मजुरी ऐकून मी म्हणालो, "घरीच करतो." हे वाक्य आमच्यात आनुवंशिक आहे. वडिलांनी घरीच केलेली मोरीची दुरुस्ती अजून खालच्या मजल्यावर ठिबकते.

ग्लासवूल आणायला बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने विचारलं, "डक्ट केवढा आहे?" मी म्हणालो, "एक सायलेन्सर भरायचाय." लग्नाच्या आचाऱ्याकडे वाटीभर वरण मागावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. सुटं मिळत नाही. त्यामुळे रिक्षात सीटवर गठ्ठा बसला आणि उरलेल्या जागेत मी.

"पांढराशुभ्र मिळाला हो," आई म्हणाली. "सावरीचा?"

"काचेचा."

"सरळ उत्तर देऊ नकोस कधी."

रविवारी पार्किंगमध्ये सायलेन्सर उतरवला. मागच्या टोपणाला आठ रिबीट. ड्रिलने त्यांची डोकी उडवायची, टोपण काढायचं, एवढंच काम. पहिली चार निमूट गेली. पाचव्याने मात्र ड्रिलशी फुगडी धरली. बिट फिरेल तसं तेही जागच्या जागी गरागरा फिरायचं आणि कापलं काही जायचं नाही. शेवटी छिन्नी लावून हातोडीने ठोकलं. पत्र्याची रिकामी नळी ठोकल्यावर काय आवाज येतो, हे ज्याने ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही. बाल्कन्या भरल्या. चेअरमन खाली आले.

"काय चाललंय?"

"आवाज कमी करतोय."

आतून निघालं ते जळकं, तेलकट, काळं गबाळ. नवं ग्लासवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क घाल, असं बायकोने बजावलं होतं, ते मी अक्षरशः पाळलं. पँटबद्दल ती काही बोलली नव्हती. बर्म्युडात मांडी घालून मी काचेचा कापूस कापायला बसलो.

खाज साधारण अर्ध्या तासाने सुरू झाली. डासाची खाज कळते तरी कुठे आहे ते. ही एका जागी थांबतच नाही. पोटरीवर म्हणावं तर गुडघ्यामागे, तिथे हात न्यावा तर भलतीकडे, आणि चेअरमन समोर उभे. खाजवलं की कुसं आणखी आत रुततात. गार पाण्याची धार सोडावी आणि चोळू नये, हे नंतर कळलं. मी कढत पाण्याने, शिकेकाई घासतात तसं घासलं. वर ते कपडे मशीनमध्ये सगळ्यांच्या कपड्यांबरोबर टाकले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून बायकोचा फोन आला. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही.

पाइपवर ग्लासवूल गुंडाळण्यातही मेख आहे. सैल राहिलं तर उडून जातं, घट्ट कोंबलं तर आवाज पीत नाही. माझं दर वेळी एकीकडून सुटायचं. आई काठीने ढोसकत म्हणाली, "भरल्या कारल्याला दोरा कसा गुंडाळतोस? तसं गुंडाळ." मी आयुष्यात कारलं भरलेलं नाही हे तिला माहीत आहे. पण सुती दोऱ्याचे आडवेतिडवे फेरे घेतले आणि ते कारलं सायलेन्सरमध्ये सुळकन गेलं. दोरा पुढे जळून जातो. तोवर कापूस जागेवर बसलेला असतो.

नवे रिबीट मारले आणि किक मारली. नव्या भरणाचा धूर सुरुवातीला निघतोच. तो मला अपेक्षित होता. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना नव्हता. त्यांनी बादली ओतली, ती बुलेटवर नाही पडली, माझ्यावर पडली. खाजेला तेवढाच उतार.

आणि मग धुरातून आवाज आला. थोरल्या काकांचा.

आता अडचण एवढीच, की चौकात बुलेट ऐकू आली की बायको चहाचं आधण ठेवायची, ते बंद झालंय. मी दारात उभा असतो आणि ती म्हणते, "अगंबाई, आलास होय!" काल तसाच आधणाची वाट बघत बसलो होतो, तर धाकटी आजीला सांगत होती की, यंदा गणपतीला हिमालयाचा देखावा करायचा, पण बर्फाला कापूस खूप लागेल.

"माळ्यावर अख्खा गठ्ठा आहे की," आई म्हणाली. "सावरीचा."

चहा तसाच ठेवून मी स्टूल शोधायला धावलो.