तुम्ही जरा बाहेर थांबा

"तुम्ही जरा बाहेर थांबा. पेशंटला बोलू द्या."

हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले माझे. पेशंट म्हणजे माझे सासरे, आमचे मामा. वय 81. तरुणपणी तालमीत घुमलेला गडी, कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या मातीत लोळलेला. डॉक्टरांच्या समोर स्टुलावर बसला की अजून शड्डू ठोकतो.

"काय बाबा, कसं काय?"

"एकदम टॉप! मला काय धाड भरलीया?"

डॉक्टर खूश. "बाबा, तुमचा नाद नाही करायचा!" बीपी बघितलं, छातीला नळी लावली, मागच्याच गोळ्या परत लिहिल्या, पुढचा पेशंट आत. चार मिनिटं. ह्या चार मिनिटांसाठी मी पाचला उठून डबे करते, मामांना अंघोळ घालते, रिक्षावाल्याला हातापाया पडून दारापर्यंत आणते आणि मग दोन-अडीच तास दवाखान्यातल्या बाकड्यावर बसते. बाकडं पण पेशंटसाठी बरं का. गर्दी झाली की कंपाउंडर मला उठवतो.

आता टॉप असलेल्या बाबांनी आत काय सांगितलं नाही ते ऐका. मध्ये एका मंगळवारी मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडले, कोपर सोलून निघालं. म्हणून तर फुल बाह्यांचा शर्ट घालायचा हट्ट. जेवून हात धुतले की अर्ध्या तासानं शेजारच्या काकूंना सांगतात, आज मला कुणी वाढलंच नाही. काकू माझ्याकडं कशा नजरेनं बघतात ते मलाच ठाऊक. रात्री चार-चार वेळा उठतात. कधी कधी मोरीपर्यंत पोचत नाहीत.

हे कुणी सांगायचं? मी बाहेर थांबले तर मामा थापा मारणार. आणि आत उभी राहिले तर दार सताड उघडं, मागं तीन माणसं नंबर लावून उभी, त्यांच्यादेखत मी काय म्हणू? "ह्यांचं अंथरूण भिजतं" असं? ज्या माणसासमोर अख्खी पेठ वाकत होती, त्याची अब्रू मी सगळ्यांदेखत काढू? एकदा दबक्या आवाजात सांगायला गेले तर मामांनी असं बघितलं माझ्याकडं, की दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

पेशंटला बोलू द्यावं, हे मला मान्यच आहे. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरनं बोलणारे नातेवाईक मीही बघितलेत, राग येतो. पण मामांना कंपाउंडरनं दोन मिनिटं वजनकाट्यावर न्यावं आणि तेवढ्यात मला विचारावं, "घरी कसं चाललंय?" एवढं अवघड आहे का हो? माझ्याकडून चिठ्ठी तरी घ्या. मी लिहून नेली होती एकदा, तारखांसकट. डॉक्टरांनी ती न वाचता पेपरवेटखाली सारली आणि निघताना मीच परत आणली.

आणि ह्याचे परिणाम काय होतात? मामांना बीपीची एक गोळी आमच्या ह्या डॉक्टरांची. मध्ये छातीत दुखलं म्हणून मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी बीपीची आणखी एक लिहिली. नाव वेगळं, पाकीट वेगळं, रंग वेगळा. महिन्याभरात पायावर सूज. परत दवाखाना. "वय झालंय, होणारच." सुजेसाठी लघवीची गोळी. कधी द्यायची? "दिवसातनं एक." मी आपली रात्रीच्या गोळ्यांबरोबर देत राहिले. मग मामा रात्री चारदा उठायला लागले, आणि अंधारात मोरीच्या उंबऱ्यावर काय झालं ते वर सांगितलंच.

हे कुणी पकडलं? मेडिकलमधल्या पोरानं. पाकिटं उलटी करून बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाला, "वैनी, ह्या दोन्ही एकच की! ॲम्लोडिपिन. ह्यानंच पाय सुजत्यात. आणि लघवीची गोळी सकाळी द्यायची, रात्री नव्हं. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय काय बंद करू नका." गोळ्यांची सगळी पिशवी दर वेळी माझ्या हातात असते. "पिशवी बघू" एवढे दोन शब्द ऐकायला मी दोन महिने थांबलो होतो! (तावातावानं बोलायला लागले की आम्ही कोल्हापूरच्या बायका 'गेलो-आलो'वर येतो, समजून घ्या.)

विचारून एक गोळी कमी झाली, सूज उतरली. मला वाटलं, आता तरी डॉक्टर म्हणतील, बरं झालं लक्षात आणून दिलंत. म्हणाले काय? "आता पडू देऊ नका बरं का. ह्या वयात खुब्याचं हाड मोडलं की अवघड असतं."

पडू देऊ नका! म्हणजे आतापर्यंत मी हौसेनं पाडत होते. कसं पडू देऊ नको ते सांगा ना. मोरीत दांडा कुठं बसवायचा, उठवताना काखेत हात घालायचा की कमरेला धरायचं, माझी कंबर धरली तर काय करायचं. ते शिकवणार कोण?

कहर पुढं आहे. सहा महिन्यांतनं एकदा आमचे हे शिरोलीच्या कारखान्यातनं रजा काढून सोबत येतात. त्या दिवशी डॉक्टर खुर्ची वळवून ह्यांच्याशी बोलतात. "वडिलांची भूक कशी आहे? झोप?" हे माझ्या तोंडाकडं बघतात. मी उत्तर देते. डॉक्टर पुढचा प्रश्न परत ह्यांनाच विचारतात. आणि पुण्याच्या वन्सं फोनवरनं विचारणार, "वहिनी, बाबांना बदाम देतेस ना?"

रात्री मामांच्या पायरवाला कान लावून जागी असते, तेव्हा मोबाईलवर वाचत बसते. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वाचला. म्हाताऱ्या आईबापाला टाकून दिलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. चांगलंच आहे. सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांना वेगळी रांग, हेही त्यात लिहिलंय. पण जी टाकत नाही, रोज चादर धुते, तिच्यासाठी काय? 2024 पासून सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं 5 लाखांचं कार्ड मिळतंय. तेही ॲडमिट केल्यावर. मामा ॲडमिट होऊ नयेत म्हणून घरात जे चाललंय, ते कुठल्याच कार्डात बसत नाही. तिकडं अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, 2024 पासून घरच्या माणसाला सांभाळायचं कसं ते शिकवायचे पैसे डॉक्टरांना देतं म्हणे. सांभाळणाऱ्यावर ताण किती, हे मोजायला झारिट नावाच्या माणसाची 22 प्रश्नांची प्रश्नावलीसुद्धा आहे.

मला 22 नकोत. एक विचारा. "तुम्ही झोपता का?" तीन वर्षांत कुणी विचारलं नाही. माझं स्वतःचं बीपी त्याच दवाखान्यात, त्याच यंत्रावर तपासायचं राहिलंय, कारण नंबर मामांचा असतो.

गुरुवारी परत नंबर आहे. सात वाजता पाटीवर नाव लिहायला जाईन. गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतणार आणि बाहेर थांबा म्हटलं तरी जागची हलणार नाही. मामा दटावतील, "पोरी, गप की." दोन दिवस चहा नाही घेतला तरी चालेल.