निस्तरायला आलेल्या योहानाबाई

आइसलंडवरचा तो मेसेज तुम्हालाही कधीतरी आला असेल. पांढऱ्या आखूड केसांच्या, चष्मा लावलेल्या एका बाईंचा फोटो, खाली ‘जगातली पहिली उघडपणे समलिंगी पंतप्रधान’, आणि मग तीन ओळीत सगळा इतिहास: हिनं बँका बुडू दिल्या, बँकवाल्यांना आत टाकलं, देश वर आला. खाली टाळ्या.

बाई मला फार आवडतात. पण या मेसेजमधल्या नव्हे.

आधी हिशोब नीट लावू. बँका ‘बुडू दिल्या’ त्या योहानाबाईंनी नाही. ६ ऑक्टोबर २००८ ला संसदेत घाईघाईनं आणीबाणीचा कायदा झाला तो तेव्हाचे पंतप्रधान गेइर हार्दे यांच्या सरकारात, आणि त्याच आठवड्यात ग्लिटनिर, लान्सबांकी आणि कौपथिंग या तिन्ही मोठ्या बँका सरकारच्या ताब्यात गेल्या. बँकांच्या चौकशीसाठी विशेष सरकारी वकील नेमायचा कायदासुद्धा त्याच सरकारचा. योहाना सिगुर्दारदोत्तिर त्या मंत्रिमंडळात समाजकल्याण मंत्री होत्या. (आडनाव म्हणाल तर ते नाहीच, नुसतं वडिलांचं नाव. आख्खा देश त्यांना योहाना म्हणतो, म्हणून मीही म्हणतोय.) म्हणजे जहाज फुटलं तेव्हा त्या किनाऱ्यावर उभ्या नव्हत्या, जहाजातच होत्या. भक्तांना हे आवडत नाही, पण आहे ते आहे.

मग लोकांनी त्यांनाच का निवडलं? त्यासाठी तीस-चाळीस वर्षं मागं जावं लागतं.

जन्म १९४२ चा, रेक्याविकचा. आजी बायकांच्या कामगार संघटनेची पुढारी, वडील खासदार. योहानाबाई मात्र लोफ्टलेइदिर या विमान कंपनीत हवाई सुंदरी. स्वस्त तिकिटांसाठी प्रसिद्ध असलेली, अमेरिका आणि युरोपच्या मध्ये आइसलंडला थांबा घेणारी ती कंपनी. १९६२ ते १९७१ ही नोकरी केली आणि त्यातच केबिन कर्मचाऱ्यांची युनियन चालवली. १९७८ मध्ये खासदार, १९८७ मध्ये समाजकल्याण मंत्री. बाईंचे विषय कायम तेच: घरं, अपंग, म्हातारी माणसं, कमी पगारवाले. भाषणात चमक नाही, आकडे मात्र तोंडपाठ. १९९८ मध्ये विरोधी बाकावर असताना स्वस्त घरांची योजना मोडणाऱ्या विधेयकावर त्या सलग दहा तासांहून जास्त बोलल्या. विधेयक काही अडलं नाही. पण दहा तास उभं राहून घरबांधणीच्या कर्जावर बोलायला त्या विषयाचं वेड लागतं, आणि ते बाईंना होतं.

त्याआधी १९९४ मध्ये पक्षाच्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या. निकालानंतर व्यासपीठावर मूठ उंचावून म्हणाल्या, “माझी वेळ येईल!” लोकांनी त्यावर बरीच वर्षं विनोद केले. बाईंनी पक्ष सोडला, नवा काढला, त्याचे चार खासदार आले, पुढे बरेचसे डावे गट एकत्र झाले त्यात परत आल्या. राजकारणात ‘संपल्या’ म्हणतात ना, तसं त्यांच्याबद्दल बऱ्याचदा म्हणून झालं होतं.

आणि वेळ आली ती अशी.

२००८ पर्यंत आइसलंडच्या बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ दहापट झाला होता. लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आत, म्हणजे आपल्याकडचा एखादा मध्यम तालुका. या तालुक्यातल्या लोकांनी गाडीसाठी, घरासाठी जपानी येन आणि स्विस फ्रँकला बांधलेली कर्जं घेतली होती, कारण व्याज कमी. क्रोना या त्यांच्या चलनाची किंमत निम्म्यावर आली आणि हप्ते भरत असूनही मुद्दल दुप्पट झालं. ज्या गाडीचं कर्ज गाडीच्या किमतीहून मोठं, ती विकायची कशी? वर ब्रिटननं लान्सबांकीची मालमत्ता गोठवायला चक्क दहशतवादविरोधी कायदा वापरला. सैन्य नसलेला देश!

दर शनिवारी लोक संसदेसमोरच्या आउस्टुरवोत्लुर चौकात जमू लागले. जानेवारी २००९ मध्ये भांडी-पळ्या वाजवत, अंडी आणि स्किर (त्यांचं ते घट्ट दही) संसदेवर फेकत त्यांनी सरकार घालवलं. १ फेब्रुवारीला ६६ वर्षांच्या योहानाबाई पंतप्रधान झाल्या. दहा मंत्री, त्यात पाच बायका. जेवून हात धुवून गेले भलतेच, उष्टी काढायला या बाई.

पहिलं काम मध्यवर्ती बँकेचे प्रमुख डाविद ओडसन यांना हलवायचं. हे गृहस्थ १९९१ ते २००४ पंतप्रधान होते, बँकांचं खासगीकरण त्यांच्याच काळातलं. बाईंनी राजीनामा मागणारं पत्र पाठवलं, त्यांनी नकार दिला. मग कायदाच बदलला आणि एका नॉर्वेजियन माणसाला तात्पुरतं खुर्चीवर बसवलं. ओडसन काही महिन्यांत एका मोठ्या दैनिकाचे संपादक झाले. म्हणजे अपघात करणाऱ्याच्या हातात पंचनामा लिहायचं काम.

पुढची चार वर्षं कंटाळवाण्या कामाची, आणि माझ्या मते हीच खरी थोर. जास्त कमावणाऱ्याला जास्त कर, संपत्तीवर कर, इस्पितळांपासून सगळीकडे काटकसर, पण तळाच्या माणसाला जमेल तितकं सांभाळून. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कर्ज-कार्यक्रम २०११ मध्ये संपवला. आधीच्या कायद्यातून जन्मलेलं त्या विशेष सरकारी वकिलाचं कार्यालय मूठभर माणसांचं होतं, ते शंभरावर नेलं. त्या पदासाठी सुरुवातीला कुणी अर्जच केला नव्हता, शेवटी एका लहान गावचा पोलीस अधिकारी आला. बड्या बँकवाल्यांना शिक्षा होईपर्यंत बाई घरी गेल्या होत्या.

चुका? भरपूर. ‘आइससेव्ह’ प्रकरण सगळ्यात मोठी. लान्सबांकीच्या या ऑनलाइन खात्यांत ब्रिटिश आणि डच ठेवीदारांचे पैसे अडकले होते, ते परत करायचा करार सरकारनं रेटला. माणशी बारा हजार युरोंचा बोजा. राष्ट्राध्यक्षांनी सही नाकारली, लोकांनी २०१० आणि २०११ अशा दोन सार्वमतांत करार फेटाळला, आणि जानेवारी २०१३ मध्ये एफ्टा या युरोपीय व्यापारसंघाच्या न्यायालयानं आइसलंडच्याच बाजूनं निकाल दिला. बाईंचा अंदाज साफ चुकला. नव्या राज्यघटनेचंही तसंच: २५ सामान्य नागरिकांच्या मंडळानं मसुदा केला, २०१२ च्या सार्वमतात दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं, आणि संसदेत ती अडकली ती अडकलीच. समतेच्या कायद्यासाठी आयुष्य घालवलेल्या या बाईंच्याच कार्यालयानं एका नेमणुकीत तो कायदा मोडला, असाही निर्णय समानता समितीनं दिला.

आता त्या ‘पहिली समलिंगी’बद्दल. आधीच्या लग्नातून दोन मुलगे, नंतर लेखिका योनिना लेओसदोत्तिर यांच्याशी नातं, २००२ मध्ये नोंदणी. आइसलंडच्या वर्तमानपत्रांना त्यात बातमी दिसली नाही, ती जगाला दिसली. समलिंगी विवाहाचा कायदा जून २०१० मध्ये ४९ विरुद्ध शून्य मतांनी झाला आणि तो लागू झाला त्याच दिवशी, २७ जूनला, दोघींनी लग्न केलं. ना सोहळा, ना फोटोंचा रतीब. शेजारच्या फेरो बेटांवर एका खासदारानं त्यांच्यासोबत जेवायला बसायला नकार दिला, तरी बाई योनिनांना घेऊनच गेल्या. २०१३ मध्ये चीनलाही सोबत नेलं. परदेशी पत्रकारांना मुलाखती द्यायचा मात्र त्यांना कंटाळा. जगभरातून कौतुक वाहत होतं आणि बाई घरी कर्जमाफीचे कागद वाचत होत्या.

कर्जमाफीवरच घात झाला. लोकांना वाटलं, बँका सावरल्या, आमचे हप्ते तसेच. एप्रिल २०१३ च्या निवडणुकीत बाईंच्या पक्षाच्या जागा वीसवरून नऊवर आल्या. बाई निवडणुकीला उभ्या नव्हत्याच, निवृत्ती आधीच सांगून टाकली होती. कर्जाला भरघोस सूट देऊ म्हणणारे सिग्मुंदुर डाविद पंतप्रधान झाले. २०१६ मध्ये पनामा पेपर्समधून (परदेशी कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं) कळलं, की त्यांच्या कुटुंबाची परदेशात एक कंपनी आहे आणि त्याच बुडालेल्या बँकांकडून तिला पैसे यायचे आहेत. त्यांनाही त्याच चौकातल्या गर्दीनं घरी पाठवलं. पण मतं देताना गर्दीनं विचार केला होता तो आपल्या हप्त्याचा, आणि त्याबद्दल तिला नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही.