पूर्वाश्रमीच्या स्वतःची बदनामी

संख्याशास्त्राचा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम मी रडतखडत पुरा केला आणि आता सुटलो असे म्हणत वही मिटणार, तोच शेवटची सूचना आली: ‘या अभ्यासक्रमातून आपण काय शिकलात, यावर १,००० शब्दांचा रिफ्लेक्शन पेपर सादर करावा.’ प्रमाण विचलन काढायला सांगितले असते तर निदान सूत्र तरी हाताशी होते. माझ्यात काय बदल घडला, हे कोणत्या सूत्राने काढायचे?

तशी चौकट सोबत दिलेली होती. ग्रॅहम गिब्ज या शिक्षणतज्ज्ञांनी अनुभवावर चिंतन करण्यासाठी १९८८ मध्ये मांडलेल्या चक्रात सहा पायऱ्या आहेत: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती-योजना. वर्णन चार ओळींत उरकले. भावनांपाशी मात्र गाडी अडली, कारण व्याख्यान चालू असताना माझ्या मनात खात्रीने सांगता येतील अशा दोनच भावना होत्या आणि त्यांतली एक झोप होती.

म्हणून वही उघडली. तिसऱ्या आठवड्याच्या पानावर ‘फार महत्त्वाचे!!’ असे दोनदा अधोरेखित केलेले होते, त्यातून एक ठसठशीत बाण निघाला होता आणि तो कोऱ्या समासात जाऊन संपला होता. त्याखाली एका छत्रीचे चित्र होते, काड्यांसकट. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि पाठ केलेले किती झपाट्याने विसरते, याचे मोजमाप १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या बिचाऱ्याने निदान आधी पाठ तरी केले होते.

अखेर या लेखनप्रकाराचे मर्म मला उमगले. त्यात ‘आधीचा मी’ आणि ‘नंतरचा मी’ अशी दोन पात्रे लागतात, आणि नंतरच्याला शहाणा ठरवण्याइतके भांडवल जवळ नसेल, तर आधीच्याला मूर्ख ठरवणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग असतो. मी लिहिले: ‘या अभ्यासक्रमापूर्वी आकड्यांकडे पाहण्याची मला दृष्टीच नव्हती.’ हे धादांत खोटे आहे. पूर्वीही मी आकड्यांकडे पाहत असे आणि पाहून घाबरत असे. पुढच्या परिच्छेदात तर मी त्या गरिबाला सरासरी आणि मध्यक यांतला फरकही कळत नसल्याचे जाहीर करून टाकले. तो बाजू मांडायला येणार नव्हता, त्यामुळे माझी लेखणी सैल सुटली आणि ‘पूर्वग्रहदूषित’, ‘उथळ’, ‘आत्मसंतुष्ट’ ही विशेषणे मी त्याला ओळीने बहाल केली. माझ्याविषयी इतके वाईट माझ्या नातेवाइकांनीही कधी लिहिलेले नाही.

गंमत अशी की, या चिखलफेकीच्या मध्यावर एक खरी गोष्ट हाती लागली. ‘अभ्यासक्रम झाला, मी सुधारलो, म्हणजे अभ्यासक्रमामुळेच सुधारलो’ असे ऐटीत लिहून झाल्यावर हात थबकला, कारण दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही, हे आठव्या आठवड्यात घसा कोरडा होईपर्यंत सांगितले गेले होते. तुलनेसाठी अभ्यासक्रम न केलेला दुसरा मी हवा होता आणि तो उपलब्ध नव्हता. म्हणजे जे एकमेव ज्ञान मला पक्के झाले होते, त्यानेच माझ्या पेपरातले सर्वांत देखणे वाक्य बाद ठरवले. मी थोडा वेळ विचार केला आणि ते वाक्य तसेच ठेवले, कारण ते खोडले असते तर शब्द ९८६ भरत होते.

पेपर तपासून परत आला, तेव्हा त्या वाक्याला कोणी हातही लावलेला नव्हता. शेरा शेवटी होता: ‘लेखन प्रामाणिक वाटते. मात्र पूर्वीच्या स्वतःकडे थोड्या सहानुभूतीने पाहावे.’